भाताचे विषाणुरोग आणि तुडतुड्यांची वाहकता : एक आढावा

सातारा आणि सांगली हे जिल्हे आज ऊस, हळद आणि द्राक्षे यांच्यासाठी ओळखले जात असले, तरी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे पाटण, जावळी आणि महाबळेश्वर हे साताऱ्याचे तालुके, तसेच वारणेच्या काठचा सांगलीचा शिराळा तालुका, यांचे पिढीजात पीक भात हेच होय. कोयनेच्या खोऱ्यात चिखलणी करून रोपांची लावण होते. शिराळ्यात रोहिणी नक्षत्राच्या सुमारास कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करून पावसाची वाट पाहण्याचा प्रघात आहे. मिरचीवरचा बोकड्या, भेंडीवरचा केवडा, सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक यांच्या अनुभवाने 'व्हायरस' हा शब्द या दोन्ही जिल्ह्यांत घरोघर रुळला आहे. साहजिकच भाताच्या खाचरात एखादा पट्टा अकाली पिवळा पडला की तोच संशय मनात येतो. हा संशय कितपत साधार असतो, भाताचे विषाणू कीटकांच्या द्वारे नेमके कसे पसरतात आणि त्यांना आवर घालण्याच्या मार्गांविषयी शास्त्रज्ञांत कोणती मते आहेत, याचा क्रमवार परामर्श घेण्याचा येथे हेतू आहे.

पूर्वपीठिका

वनस्पतीचा विषाणुरोग कीटक पसरवतो, या सिद्धान्ताचा उगमच मुळी भाताच्या खाचरात झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जपानच्या शिगा प्रांतात भाताची रोपे खुजी राहून त्यांना लोंब्या न येण्याचा विकार जुना होता. तेथील हाशिमोतो नावाच्या एका शेतकऱ्याने १८८३ च्या सुमारास तुडतुडे आणि हा विकार यांचा संबंध प्रयोगाने पडताळण्यास आरंभ केला, आणि १८९५ मध्ये ताकाता यांनी या संबंधाविषयीचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळी विषाणूची कल्पनाच रूढ झालेली नसल्यामुळे तुडतुडा हाच रोगाचे कारण आहे, त्याच्या दंशातच काही विष असावे, अशी समजूत प्रथम झाली. परंतु निरोगी रोपांवर वाढलेले तुडतुडे रोग देत नाहीत आणि तेच तुडतुडे रोगट रोपावर बसवून मग निरोगी रोपावर सोडले तर देतात, असे पुढील प्रयोगांत दिसून आल्यावर अपराधी दुसराच कोणी असून तुडतुडा हा केवळ त्याचा वाहक आहे, हे निश्चित झाले.

यानंतरचे मोठे पाऊल तेइकिची फुकुशी यांचे. रोगवाहक मादीच्या अंड्यांतून हा विषाणू पुढच्या पिढीत उतरतो, आणि मधल्या काळात रोगट रोपाचा संपर्क मुळीच न येताही ही परंपरा अनेक पिढ्या टिकते, असे त्यांनी १९३३ पासूनच्या प्रयोगमालिकेत दाखवले. वनस्पतीचा विषाणू प्राण्याच्या देहात वाढू शकतो ही गोष्ट त्या वेळच्या अनेक मान्यवर विषाणुशास्त्रज्ञांना पटण्यासारखी नव्हती, आणि तो वाद दीर्घकाळ चालला. १९५२ मध्ये ब्लॅक आणि ब्रॅकी यांनी दुसऱ्या एका वनस्पतिविषाणूचे द्रव एका तुडतुड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे टोचत नेऊन, विषाणू कीटकात वाढत नसता तर एव्हाना तो विरळ होऊन नाहीसा झाला असता, असे सिद्ध केले, तेव्हा हा मामला बहुतांशी निकालात निघाला.

एका दुरुस्तीची नोंद येथेच केली पाहिजे. १९६७ मध्ये जपानी संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता, विषाणुजन्य म्हणून गणले गेलेले कित्येक विकार वस्तुतः भित्तिकाहीन अतिसूक्ष्म जिवाणूंचे आहेत, असे आढळले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. भाताचा 'पिवळा खुजा' रोग याच वर्गातला असून तोही हिरव्या तुडतुड्यांमार्फतच पसरतो. म्हणजे वाहक एक असला तरी वाहिलेले ओझे एक असेलच असे नाही.

वाहकतेचे प्रकार

कीटक विषाणू कसा वाहतो, यावर रोगाचे सारे गणित अवलंबून असते. मावा उसाचा मोझॅक पसरवतो तेव्हा विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकाशी काही क्षण चिकटलेला असतो आणि दोन-चार दंशांत संपतो. दुसऱ्या टोकाला भाताचा गवताळ खुजा व फाटक्या पानांचा खुजा हे रोग आहेत. त्यांचा वाहक तपकिरी तुडतुडा. त्याच्या पोटात गेलेला विषाणू आतड्याची भिंत ओलांडून देहात वाढतो आणि लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचतो, या प्रवासाला काही दिवस लागतात. पण एकदा तो पोचला की कीटक बहुधा मरेपर्यंत रोग देत राहतो. जपानमधला जुना खुजा रोग, पट्टेरी पानांचा रोग आणि दक्षिण अमेरिकेतला पांढऱ्या पानांचा रोग यांत याच्याही पुढे जाऊन विषाणू अंड्यांतून संततीत उतरतो. आफ्रिकेत १९६६ मध्ये केनियातील किसुमू भागात प्रथम आढळलेल्या पिवळ्या चट्ट्यांच्या रोगाचे वाहक तर तुडतुडे नसून पाने कुरतडणारे भुंगेरे आहेत. आणि तेथे भुंगेऱ्यांचा वाटा किती व चरणारी जनावरे, हत्यारे, मजुरांचे हात यांचा किती, याविषयी अजून एकवाक्यता नाही.

या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे तो टुंग्रो. दक्षिण व आग्नेय आशियातील भाताचा सर्वांत विध्वंसक विषाणुरोग तोच असल्यामुळे त्याचा विचार सविस्तर केला पाहिजे.

टुंग्रो : एका रोगाचे दोन विषाणू

टुंग्रोचा मुख्य वाहक हिरवा तुडतुडा. चार-पाच मिलिमीटर लांबीचा, गवताच्या कोवळ्या पात्याच्या रंगाचा, पंखांची टोके काळी असलेला हा कीटक चाहूल लागताच तिरका सरकून पानाच्या पाठीमागे जातो, आणि खाचरातून चालताना पावलागणिक त्यांचा थवा उडतो, हे भातशेतीत वावरलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. मादी पानाच्या आवरणात ओळीने अंडी घालते. पिल्ले पाच वेळा कात टाकून सुमारे तीन आठवड्यांत प्रौढ होतात.

मनिला जवळच्या लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत रिवेरा आणि ऊ यांनी १९६५ मध्ये हा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो असे दाखवले. इंडोनेशियात 'मेंटेक' आणि मलायात 'पेन्याकित मेराह' या नावांनी पूर्वापार नोंदले गेलेले, आणि जमिनीच्या दोषाने होतात असे समजले गेलेले विकारही पुष्कळ अंशी हेच होते, असा उलगडा त्यानंतर झाला. त्याच संस्थेतील के. सी. लिंग यांच्या प्रयोगांनी या वाहकतेचे विलक्षण स्वरूप पुढे आणले. रोगट रोपाचा रस काही मिनिटे शोषला की तुडतुडा रोगवाहक होतो. तितक्याच अल्प अवधीत तो निरोगी रोपाला रोग देतो. कोणत्याही पूर्वतयारीच्या काळाची त्याला गरज नसते. पण ही शक्ती चार-पाच दिवसांपलीकडे टिकत नाही, कात टाकताच ती जाते आणि अंड्यांतून तर ती मुळीच उतरत नाही.

एक कोडे मात्र उरले होते, आणि ते १९७५ नंतरच्या काही वर्षांत जपानी व फिलिपिन्समधील संशोधकांनी, विशेषतः हिबिनो यांनी, उलगडले. टुंग्रोग्रस्त पानात दोन जातींचे कण सापडतात : एक दंडाकार, एक गोल. पिवळेपणा, खुजेपणा आणि उत्पन्नातील तूट यांचा मुख्य कर्ता दंडाकार विषाणू, परंतु तुडतुडा त्याला एकट्याला उचलू शकत नाही. गोल विषाणू सहज उचलला जातो, परंतु तो एकटा असता रोपावर जवळजवळ कोणतेच लक्षण दिसत नाही. गोल विषाणूग्रस्त रोपावर तुडतुडा आधी जेवलेला असेल, किंवा रोपात दोन्ही एकत्र असतील, तरच दंडाकार विषाणूचा प्रवास घडतो. आपल्या शास्त्रकारांचा अंधपंगुन्याय येथे अक्षरशः लागू पडतो. पुढे या दोघांचे जातिकुळही भिन्न असल्याचे आढळले : दंडाकार विषाणूचा वारसा सुमारे ८,००० अक्षरांच्या वर्तुळाकार डीएनएचा, गोल विषाणूचा सुमारे १२,००० अक्षरांच्या आरएनएचा.

या शोधाचा व्यावहारिक अर्थ फार गंभीर आहे. ज्या खाचरात गोल विषाणू एकटाच फिरतो आहे ते डोळ्यांना निरोगी दिसते. तेथे दंडाकार विषाणूचे चार बुंधे आले की तयार वाटेने तो झपाट्याने पसरतो. पिवळी रोपे उपटून टाकण्याचा उपाय अनेकदा का फसतो, याचे एक कारण हे असावे.

भारतातील साथी

भारतात टुंग्रोची शास्त्रीय नोंद दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील रायचौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये केली, आणि दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, बिहार व पूर्व उत्तर प्रदेशात त्याची मोठी साथ आली. पुढे १९८१ मध्ये पश्चिम बंगाल आणि १९८४ मध्ये तमिळनाडू येथे तो उसळला. केरळात १९७३-७४ मध्ये तपकिरी तुडतुड्यांच्या प्रचंड उद्रेकाबरोबर गवताळ खुजा रोगही दिसला. या साऱ्या साथी सखल, पाण्याने समृद्ध आणि बहुधा वर्षातून एकाहून अधिक वेळा भात घेणाऱ्या प्रदेशांतल्या आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अगदी अलीकडचा अध्याय पंजाब-हरियाणाचा. २०२२ च्या खरिपात तेथे ठिकठिकाणी भाताची रोपे अकस्मात खुजी राहिली. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने आणि दिल्लीच्या संस्थेने तपासणी केली तेव्हा, चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात २००१ मध्ये प्रथम आढळलेला 'दक्षिणी काळ्या रेघांचा खुजा' हा विषाणू त्यात निघाला. त्याचा वाहक पांढऱ्या पाठीचा तुडतुडा. विषाणू त्याच्या देहात वाढतो, मात्र अंड्यांतून उतरत नाही. रोग एका विशिष्ट वाणापुरता मर्यादित नव्हता. पण इतरांच्या आधी लावण झालेल्या खाचरांत तो अधिक होता, ही बाब पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

उपायांविषयीचे तीन पक्ष

पहिला पक्ष वाहकाचाच बंदोबस्त करावा असे म्हणतो. कीटक नाही तर रोग नाही, हा त्याचा तर्क सरळ आहे, आणि रोपवाटिकेत दाणेदार आंतरप्रवाही कीटकनाशक दिल्यास कोवळ्या वयातील लागण घटते, असा अनुभव त्याच्या पाठीशी आहे. रोपाचे वय जितके लहान तितकी हानी जबर, म्हणून या काळातील संरक्षणाचे मोल मोठे. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की, टुंग्रोचा वाहक काही मिनिटांत रोग देऊन मोकळा होतो; फवारलेल्या पानावर बसून तो मरतो खरा, परंतु मरण्यापूर्वी दंश करून चुकलेला असतो, आणि शेजारच्या खाचरातून नवे तुडतुडे दररोज येतच असतात. शिवाय सरसकट फवारणीने कोळी आणि अंडी शोषणारे मिरीड ढेकूण यांसारखे भक्षक मरून तपकिरी तुडतुडे उलट वाढतात, हे फिलिपिन्समधील केनमोर प्रभृतींच्या अभ्यासाने आणि इंडोनेशियाच्या अनुभवाने ठळक झाले. तेथे १९८६ मध्ये अध्यक्षांच्या हुकमाने भातावरील ५७ कीटकनाशकांच्या वापरास मनाई करण्यात आली. ज्या रोगांत कीटकाला रोगवाहक होण्यास काही दिवस लागतात, तेथे वेळीच केलेल्या फवारणीने अधिक साधते, हे दोन्ही बाजूंना मान्य दिसते.

दुसरा पक्ष प्रतिकारक वाणांचा. त्यातही दोन शाखा आहेत : एक वाण तुडतुड्याला नकोसा वाटेल असा करावा, दुसरी तो विषाणूलाच दाद देणार नाही असा करावा. पहिल्या शाखेचे मर्म असे की, हिरवा तुडतुडा आवडत्या वाणावर अन्नरसाच्या नलिकेतून शोषतो आणि नावडत्या वाणावर बहुतांशी पाण्याच्या नलिकेकडे वळतो; टुंग्रोचे विषाणू अन्नरसाच्याच नलिकांत राहत असल्याने त्यांची देवघेव आपोआप मंदावते. ही युक्ती सुंदर आहे, पण अल्पायुषी ठरते. एकच वाण मोठ्या क्षेत्रावर काही वर्षे लावला की त्यावर सुखाने जगणारे तुडतुडे निपजतात. तपकिरी तुडतुड्याविरुद्ध १९७३ मध्ये आलेला आय.आर. २६ हा वाण दोन-तीन वर्षांतच निष्प्रभ झाला, हे याचे प्रसिद्ध उदाहरण. दुसऱ्या शाखेचे सर्वांत उज्ज्वल यश गवताळ खुज्याविरुद्धचे : हजारो नमुने तपासल्यावर उत्तर प्रदेशातून गोळा झालेल्या रानभाताच्या एकाच नमुन्यात प्रतिकारशक्ती सापडली, आणि गुरुदेव खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लागवडीच्या वाणांत उतरवली. टुंग्रोबाबत 'उत्री मेराह' या इंडोनेशियन वाणात गोल विषाणूला रोखणारा गुण आहे. तो कोणत्या जनुकातील बदलामुळे येतो हे २०१० मध्ये कळले, आणि २०१८ मध्ये त्याच जनुकात संपादनतंत्राने बदल करून प्रतिकार आणता येतो असेही दाखवले गेले. दिल्ली विद्यापीठात इंद्रनील दासगुप्ता यांच्या गटाने २००८ मध्ये दंडाकार विषाणूला आरएनएच्या हस्तक्षेपाने आवरण्याचा यशस्वी प्रयोग प्रसिद्ध केला. मात्र जनुकांतरित भाताला शेतकऱ्याच्या खाचरापर्यंत पोचवण्याचा प्रश्न हा शास्त्राइतकाच धोरणाचा असल्याने या संशोधनाचे फलित अजून प्रयोगक्षेत्रातच आहे.

तिसरा पक्ष लागवडीच्या वेळापत्रकाचा. हिरवा तुडतुडा मुख्यतः भातावरच प्रजनन करतो आणि त्याच्यातील विषाणू काही दिवसांत संपतो. मग एका पिकाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ यांत भातविरहित असा पुरेसा काळ गेला, तर साखळी तुटलीच पाहिजे, असे या पक्षाचे प्रतिपादन आहे. इंडोनेशियाच्या दक्षिण सुलावेसीत १९७० नंतरच्या दशकात टुंग्रोने हाहाकार केल्यावर गावोगाव एकाच वेळी लावण, तुडतुड्यांचा बहर टाळणारे मुहूर्त आणि वाणांची फेरपालट अशी योजना अमलात आली, आणि तिचे परिणाम समाधानकारक झाले. गणिती प्रारूपांवर काम करणाऱ्या होल्ट आणि चॅन्सेलर यांनीही, लावणीच्या तारखा जितक्या पांगतात तितका टुंग्रो घर करतो, असा निष्कर्ष काढला. आक्षेप असा की, पाणी, मजूर आणि बैलजोडी वा ट्रॅक्टर ज्याला जेव्हा मिळेल तेव्हाच त्याची लावण होते. गावाचे एकमत कागदावर सोपे आणि शिवारात कठीण असते. माझ्या मते हा आक्षेप अंमलबजावणीविषयी आहे, तत्त्वाविषयी नाही. तिन्ही पक्षांत याच पक्षाच्या पायाखालची जमीन सर्वांत घट्ट आहे.

कोयना-वारणेच्या खोऱ्यांचा प्रश्न

टुंग्रोच्या मोठ्या साथींच्या इतिहासात सातारा-सांगलीचे नाव येत नाही, आणि वरील विवेचनाच्या प्रकाशात याचे कारण शोधणे अवघड नाही. या खोऱ्यांत भाताचे पीक परंपरेने एकच, खरिपाचे. मृगाचा पाऊस सर्वांना साधारण एकाच सुमारास मिळतो, त्यामुळे पेरणी-लावणीही थोड्या दिवसांच्या अंतराने उरकते. आणि कापणीनंतर धसकटे वाळून पुढे कित्येक महिने शिवारात हिरवे भात राहत नाही. शिराळ्याच्या धूळवाफ पेरणीत तर रोपवाटिकाच नसते, म्हणजे लागण झालेली रोपे उपटून शिवारभर वाटली जाण्याचा मार्गच बंद. सुलावेसीत सरकारने प्रयासाने घडवून आणलेली शिस्त येथे पर्जन्यमानाने आपण होऊन घालून दिली आहे.

मात्र तुडतुडे येथे आहेत. हिरवे, तपकिरी, पांढऱ्या पाठीचे असे तिन्ही प्रकार पश्चिम महाराष्ट्राच्या भातपट्ट्यात आढळतात, आणि दाट लावण व युरियाची अतिरिक्त मात्रा जेथे असेल तेथे त्यांची संख्या वाढते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला, आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून आलेला इंद्रायणी हा वाण या पट्ट्यात लोकप्रिय आहे. एकच वाण विस्तीर्ण क्षेत्रावर वर्षानुवर्षे असणे ही गोष्ट, कोणत्याही नव्या रोगाच्या दृष्टीने, दुर्लक्षिण्यासारखी नाही. दुसरीकडे कोयना आणि चांदोली येथील धरणांनंतर नदीकाठच्या जमिनींना बारमाही पाणी मिळाले. त्या पाण्यावर बहुतेक ठिकाणी ऊस आला, आणि ऊस हा हिरव्या तुडतुड्याला भातासारखा आसरा देत नाही. परंतु त्याच पाण्यावर कोणी उन्हाळी भात घेऊ लागला, तर खरिपाच्या दोन हंगामांमधील मोकळी जागा भरून निघेल आणि आजवरचे नैसर्गिक संरक्षण तेवढ्यापुरते खचेल.

निदानाचा घोळ हा येथला रोजचा प्रश्न. भात पिवळे पडण्यामागे नत्राची वा जस्ताची उणीव, पाणथळ जमीन, कडा करपा किंवा नुसते तुडतुड्यांचे रसशोषण यांपैकी काहीही असू शकते. उणिवेचा पिवळेपणा बहुधा जमिनीच्या पोताप्रमाणे सलग पसरतो. टुंग्रो प्रारंभी विखुरलेल्या बुंध्यांत दिसतो, पानाचे टोक प्रथम नारिंगी-पिवळे होते, फुटवे कमी येतात आणि रोप खुजे राहते. लिंग यांच्या काळापासून वापरात असलेली आयोडिनची परीक्षा कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत होण्यासारखी आहे : सूर्योदयापूर्वी संशयित पानाचा टोकाकडचा दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून, १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम आयोडिन व ६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवलेल्या द्रवात अर्धा तास बुडवावा, टुंग्रोग्रस्त पानात पिष्ट साठून राहिलेले असल्याने त्यावर काळपट निळ्या रेघा उमटतात, निरोगी पानात रात्रीतून पिष्ट वाहून गेलेले असल्याने त्या उमटत नाहीत. ही परीक्षा अंतिम नव्हे, कारण पिष्ट साठण्याला इतरही कारणे असतात; पण प्रयोगशाळेकडे कोणता नमुना पाठवावा हे ठरवण्यास ती पुरेशी आहे.

जे अद्याप अनिर्णित आहे

टुंग्रोमुळे आशियाचे दरसाल दीड अब्ज डॉलरचे नुकसान होते, असा आकडा ग्रंथोग्रंथी आढळतो. परंतु रोग एखाद्या वर्षी उसळतो आणि पुढे कित्येक वर्षे दबून राहतो, त्यामुळे अशा सरासरीला कितपत अर्थ आहे याविषयी तज्ज्ञांतच साशंकता आहे. पीकपाहणीच्या नोंदवहीत वा आणेवारीत घट दिसते, कारण दिसत नाही. म्हणून तालुक्याच्या दप्तरावरून या रोगाचा इतिहास रचता येत नाही.

रोगाची खरी सुरुवात रोपवाटिकेत होते की लावणीनंतर, हा दुसरा वाद. सुरुवात रोपवाटिकेत होत असेल, तर चार-दोन गुंठ्यांचे रक्षण करून एकरांचे रक्षण साधेल. लावणीनंतर होत असेल, तर तो खर्च व्यर्थ. निरनिराळ्या प्रदेशांतील प्रयोगांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि आसपास उभ्या असलेल्या जुन्या भाताच्या प्रमाणावर उत्तर ठरत असावे, असे दिसते. उन्हाळ्यात विषाणू कोठे दडतो, याविषयीही मतभेद आहेत : काहींचा रोख आपोआप उगवलेल्या भातावर व धसकटांच्या फुटव्यांवर, काहींचा देवभातावर आणि बांधावरच्या गवतावर.

सर्वांत नवा आणि मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटणारा प्रश्न कीटकाच्या वर्तनाचा आहे. दक्षिणी काळ्या रेघांच्या खुज्यावरील चिनी प्रयोगांत, विषाणुरहित तुडतुडे रोगट रोपांकडे ओढले जातात आणि विषाणुवाहक तुडतुडे निरोगी रोपांकडे, असे आढळले आहे. म्हणजे विषाणू आपल्या वाहकाची आवडनिवडच बदलतो. प्रयोगशाळेतील पिंजऱ्यात दिसलेली ही प्रवृत्ती, वारा, पाऊस आणि भक्षक कोळी यांनी गजबजलेल्या खाचरात कितपत टिकते, हे ठरायचे आहे. ते ठरले, तर पंजाबात आधी लावलेल्या खाचरांत रोग का एकवटला आणि आपल्याकडे मृगापूर्वी विहिरीच्या पाण्यावर रोपे टाकणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या वाफ्यावर गावचे तुडतुडे किती काळ मुक्काम करतात, या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येतील. आणि त्यासाठी पाटण व शिराळा या तालुक्यांत प्रकाशसापळ्यांची हंगामभर ठेवलेली साधी मोजणीही उपयोगी पडेल.